हेराल्डचा वायपर अर्ध्यात थांबतो म्हणून लगेच मोटर बदलायला जाऊ नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीत आजोबांची १९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड आहे, चार दाराची, बारा वर्षं शेडमध्ये होती आणि आता चालू केलीय. वायपर चालतात पण डावीकडचा पूर्ण वर जात नाही, तीन-चार बोटं अलीकडेच थांबतो, परत येताना खाली नीट बसत नाही, आणि मधूनच टिक टिक असा आवाज येतो. हाताने धरून हलवला तर पात्याचं टोक दोन इंच नुसतंच सैल हलतं. उजवीकडचा ठीक आहे. गॅरेजवाला म्हणाला मोटर गेली, मारुतीची मोटर आणि लिंक बसवून देतो, कापाकापी थोडी करावी लागेल.

तर पहिलं उत्तर, कापाकापी करू देऊ नका. तुमची मोटर चांगली आहे. हे मी गाडी न बघता सांगतोय, आणि ते कशावरून ते पण सांगतो.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर हात काळे करायला सुरवात केली, मग गॅरेज टाकलं, जुन्या गाड्यांचं काम करतोय त्याला आता बत्तीस वर्षं होतील. हेराल्ड सात-आठ केल्या असतील आणि एक गॅझेल, म्हणजे हेराल्डनंतरची स्टँडर्डचीच गाडी. त्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांच्या वायपरची तक्रार हीच होती आणि प्रत्येक वेळी मालकाला कुणीतरी मोटरच बदलायला सांगितलेलं.

आधी ही सिस्टीम काय आहे ते समजून घ्या कारण मारुती ८०० वर हात बसलेल्या मेकॅनिकचा इथेच गोंधळ होतो. मारुतीत कसं, मोटरच्या क्रँकला पट्ट्या जोडलेल्या, पट्टीच्या टोकाला प्लॅस्टिकचे बूश, बूश झिजला की पट्टी निखळते आणि वायपर मेला. बूश बदला, काम झालं. हेराल्डमध्ये पट्ट्याच नाहीत. हेराल्ड म्हणजे मुळात इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ ची, मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसानं काढलेलं डिझाईन, आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं बनवली, ९४८ सीसीचं इंजिन. वायपर लुकास कंपनीच्या पद्धतीचा. त्यात मोटरच्या गिअरबॉक्समधून एक लांब लवचिक केबल निघते, तिच्यावर बाहेरून स्प्रिंगसारखी तार गुंडाळलेली, म्हणजे वाकणारा रॅकच म्हणा ना. ही केबल एका बारीक लोखंडी नळीतून डॅशबोर्डच्या मागनं आडवी जाते. वाटेत दोन ठिकाणी नळी तोडून तिथे एकेक डबी बसवलेली, तिला व्हीलबॉक्स म्हणतात. डबीत एक छोटी दातेरी चाकी, तिचे दाते त्या केबलच्या गुंडाळीत अडकतात, चाकीचा दांडा काचेखालून बाहेर येतो आणि त्या दांड्यावर वायपरचा आर्म. मोटर केबलला पुढं-मागं ढकलते, चाकी अर्धवट गोल फिरते, परत येते. सोपं आहे आणि माझ्या मते मारुतीच्या लिंकपेक्षा जास्त टिकाऊ आहे, पन्नास-पंचावन्न वर्षं झाली की अजून चालतंय.

आता बघा. दोन्ही चाक्या एकाच केबलवर आहेत. उजवा वायपर पूर्ण जातोय म्हणजे केबल पूर्ण सरकतेय म्हणजे मोटर आणि तिचा गिअर आपलं काम चोख करतायत. मग डावा कमी का जातो? तर केबल आणि डावं पातं यांच्या मध्ये कुठंतरी खेळ आहे. त्या मध्ये दोनच वस्तू आहेत, एक चाकीचे दाते आणि दुसरी म्हणजे दांडा आणि आर्म यांच्यातल्या बारीक खाचा. संपलं. मोटर यात कुठे येतच नाही. दोन्ही वायपर सारखेच कमी गेले असते तर मी गिअरबॉक्सच्या आतल्या कनेक्टिंग रॉडवर संशय घेतला असता. दोन्ही मंद चालले असते तर आधी अर्थिंगची वायर आणि वाळलेलं ग्रीस बघितलं असतं. एकच लंगडतोय तेव्हा त्याच पायात काटा.

या दोन्हीतलं नक्की कोणतं ते पाच मिनिटांत कळतं. डावा आर्म काचेपासून उचलून धरा, दांड्याच्या टोकावर आणि आर्मच्या डोक्यावर मिळून एक बारीक रेघ मारा, पेंट नसेल तर घरातली नेलपॉलिश घ्या. आता आर्म हाताने हलवा. रेघ तुटली, म्हणजे आर्म हलतोय पण दांडा जागेवर, तर आर्मच्या खाचा गेल्या. रेघ अखंड राहून दांडा पण सोबत हलतोय तर आतले दाते गेले. तुमचा टिक टिक आवाज म्हणजे दाता सुटून पुढच्या गुंडाळीत पडतोय, माझा अंदाज दात्यांवरच आहे, पण रेघ मारून बघाच. आणि दांडा वर-खाली, आडवा पण हलवून बघा. आडवा डुगडुगत असेल तर डबीचं, दांडा ज्यातून जातो ते, भोक मोठं झालंय, त्याचं पुढं सांगतो.

आर्म काढायचा कसा, तर तो नुसता दाबून बसवलेला असतो, नट नसतो. आर्मच्या डोक्यात एक छोटी स्प्रिंगची क्लिप आहे, ती बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलायची आणि आर्म सरळ वर ओढायचा. खाली कापड घाला नाहीतर रंगाला ओरखडा जाणार. बऱ्याच लोकांनी इथे फेविक्विक किंवा एमसील भरून ठेवलेलं असतं, तसं दिसलं तर त्या माणसाला मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणा आणि गरम करून हळूहळू काढा, हाणू नका, हाणलं की दांडा वाकतो. खाचा गेल्या असतील तर नवा आर्म घ्या, तोवर पातळ पितळी शिमची एक पट्टी आत घालून काम चालतं, पण ते गावात फिरण्यापुरतं.

आता दात्यांचं. इथं माझीच एक फजिती सांगतो. नवीन होतो तेव्हा, गडहिंग्लजची एक हेराल्ड आली, अगदी तुमच्यासारखीच तक्रार. मी दोन दिवस खर्च करून अर्धा डॅशबोर्ड उतरवला, मीटर काढले, हाताची सालं निघाली, डब्या बाहेर काढल्या, आणि चाकी घेऊन उद्यमनगरात गेलो की असली मिलिंगवर बनवून द्या म्हणून. तिथं एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी चाकी हातात घेतली, बोटावर गोल फिरवली आणि म्हणाले, अरे ही अर्ध्याहून जास्त कोरी आहे की, उलटी लाव. मी नुसता बघतच राहिलो.

कारण असं आहे, वायपर काही पूर्ण गोल फिरत नाही. एकशेदहा-एकशेतीस डिग्रीच्या आसपास जातो आणि परत येतो. चाकीला दाते मात्र सगळीकडे आहेत, पूर्ण गोल. म्हणजे आयुष्यभर घासतात ते साधारण एक तृतीयांश दाते, बाकीचे कारखान्यातून आले तसेच्या तसे. चाकी अर्धी फिरवून पुन्हा केबलवर बसवली की नवे दाते कामाला लागतात. आर्मच्या खाचा पण गोल सगळीकडे आहेत त्यामुळे आर्म हवा तिथे बसतो. हे इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यावाल्यांना चांगलं माहीत आहे, आपल्याकडे कुणी सांगत नाही. आणि दुसरी मजा म्हणजे यासाठी डॅशबोर्डला हात लावायची गरजच नाही. मी दोन दिवस उगाच घातले.

करायचं असं. बॅटरीची अर्थची वायर काढा. दोन्ही आर्म काढा. दोन्ही दांड्यांच्या टोकावर वरच्या दिशेला नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. मग बोनेट उघडा, हेराल्डचं अख्खं नाक पुढं उलटं पडतं त्यामुळे काम करायला एवढी जागा दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळत नाही, पुढच्या चाकावर बसून चहा पीत काम करता येतं. मोटर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या पत्र्यावर, दिसेल. गिअरबॉक्समधून नळी निघते तिथे एक मोठा नट आहे, तो ढिला करा. त्याला आधी रात्रभर गंजाचा स्प्रे नाहीतर डिझेल मारून ठेवा, तो सहसा पहिल्या झटक्यात सुटत नाही आणि जोर केला तर नळी पिळते. नळी पिळली की मग खरंच मोठं काम निघालं. मोटरच्या वायरी काढताना कुठली कुठं होती त्याचा मोबाईलवर फोटो काढा. मग मोटर ब्रॅकेटवरून सोडवा आणि सरळ ओढा. मोटरबरोबर केबल नळीतून बाहेर येत राहील. ओढताना बाहेरचे दोन्ही दांडे गोल फिरताना दिसतील, घाबरू नका, केबल त्यांना फिरवतेय. केबल पूर्ण बाहेर आली की दांडे मोकळे.

आता तो दांडा जिथं थांबलाय तिथून बरोबर अर्धा फेरा हाताने फिरवा. दोन्ही दांडे फिरवा, उजव्याला अजून त्रास नसला तरी, एवढं काढलंच आहे तर. मग केबल परत घाला. आत जाताना ती दांड्यांना तेवढंच उलटं फिरवत नेते जेवढं येताना फिरवलं होतं, त्यामुळे शेवटी हिशेब एकच उरतो, तुम्ही हाताने दिलेला अर्धा फेरा. केबल पूर्ण आत गेल्यावर ठिपका आधीच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे खाली आला पाहिजे. आला तर बरोबर. नाही आला तर मध्ये दाता सुटला, परत काढा, परत घाला. केबल डबीपाशी अडते तेव्हा ढकलू नका, दांडा बाहेरून थोडा इकडं-तिकडं फिरवा, दाता गुंडाळीत पडला की ती आपोआप आत ओढली जाते, हाताला कळतं ते.

कुणीतरी आधीच उलटी केली असेल तर? तेही होतं. मग सलग एवढे कोरे दाते उरत नाहीत. ३६० मधून दोन वेळचे गेले की समोरासमोर दोन छोटे तुकडेच कोरे राहतात. दोन्हीकडचे घासलेले दाते गेले असतील तर मात्र गाडीनं तुमच्या आजोबांना जेवढं नेलंय तेवढं कुणालाच नेलं नसेल, नवी डबी घ्या.

केबल बाहेर आहे तोवर तिच्याकडे नीट बघा, लोक ही पायरी टाळतात. रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासा, जुनं ग्रीस वाळून मेणासारखं नाही तर चक्क लाकडासारखं झालेलं असतं. पुसून कोरडी करा आणि व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावा. जो भाग कधीच चाकीवर येत नाही तिथे जाडी मोजा आणि चाकी चालते तिथे मोजा. फरक डोळ्याला चपटेपणा दिसण्याइतका असेल तर केबल पण बदला, कारण झिजलेल्या केबलवर कोरे दाते लावून तुम्ही फक्त दाते खायला घालताय. गुंडाळीची तार कुठं सुटलीय, सरकलीय का तेही बघा. केबल बदलायची असेल किंवा खाली सांगतो त्या काट्याच्या परीक्षेसाठी मोटरपासून सोडवायची असेल तर गिअरबॉक्सचं झाकण उघडावं लागतं. त्यावर एक गोल घुमटासारखी टोपी आहे, त्यात पार्किंगचा स्विच असतो. झाकण काढायच्या आधी टोपी आणि झाकण यावर मिळून एक खूण करा, हे मी तीन वेळा लिहायला तयार आहे, खूण करा. ती टोपी फिरली की वायपर कुठं थांबायचं ते विसरतो, कधी काचेच्या मध्यावर उभा राहतो. आत कनेक्टिंग रॉड एका सर्कलिपनं, म्हणजे स्प्रिंगच्या छोट्या कडीनं, धरलेला असतो, ती सर्कलिप उडते आणि गॅरेजच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात जाते, म्हणून वर कापड धरून काढा. वॉशर कुठल्या बाजूला किती होते ते लक्षात ठेवा.

नळी पण साफ करा. कापडाची चिंधी तारेला बांधून रॉकेल लावून आरपार ओढा, बंदुकीची नळी साफ करतात तसं. नंतर एपी-थ्री ग्रीस केबलला सगळीकडे हाताने चोळून लावा, भरपूर पण गोळे नकोत. आणि मोटर परत जोडण्यापूर्वी एक मोजमाप घ्या ज्यानं मला स्वतःला फार उपयोग झालाय. आर्म काढलेले असताना, मोटर न जोडता, नुसती केबल नळीत घालून तिला स्प्रिंग काटा अडकवा, भंगारवाल्याकडे असतो तो हुकाचा काटा चालेल, आणि ओढा. लुकासचा नियम आहे की केबल ६ पौंडांच्या आत सरकली पाहिजे, म्हणजे पावणेतीन किलो धरा. माझ्याकडं आलेल्या एका गाडीत हा काटा सात किलो दाखवत होता आणि मालक आधीच दुसरी मोटर बसवून आलेला, ती पण दमत होती. शोधलं तर मधल्या नळीला कुणीतरी रेडिओ बसवताना स्क्रू दाबून चेपवलेलं. नळी चेपलेली असेल तर ती सरळ करत बसू नका, बदला. आणि नवी वाकवताना वळण ९ इंच त्रिज्येपेक्षा कमी घेऊ नका, तीव्र वळणात केबल घासते आणि सगळा जोर तिथेच जातो.

डबीचं भोक मोठं झालं असेल, म्हणजे दांडा आडवा डुगडुगत असेल, तेव्हा मात्र डबी काढावी लागते. तेव्हा डॅशबोर्डखाली पाठीवर झोपायची तयारी ठेवा, डोळ्याला चष्मा लावा कारण पन्नास वर्षांची धूळ आणि कोळ्याची जाळी तोंडावर पडतात. आपल्याकडच्या ज्या गाड्या मी उघडल्या त्यात हीटर नव्हता, त्यामुळे इंग्लंडच्या गाडीपेक्षा आपल्याला हात घालायला जागा जास्त, एवढी एक सोय. डबीच्या मागच्या पाटीला दोन छोटे नट असतात, ते नळ्यांना धरतात, ते ढिले करून नळ्या सोडवायच्या. नळ्यांची टोकं थोडी फुलवलेली असतात आणि ती पाटीच्या खाचेत बसतात, परत लावताना ती खाचेत बसलीत हे बोटानं चाचपून बघा. एकदा माझं एक टोक खाचेबाहेर राहिलं, वरवर सगळं घट्ट वाटत होतं, महिन्याभरात केबलनं नळीची कड घासून त्याचा भुगा दाताला लागला. बाहेरून काचेखालचा मोठा नट, क्रोमचा तिरका कॉलर आणि रबर काढलं की डबी आत खाली येते. तो क्रोमचा कॉलर तिरका का आहे ते लक्षात घ्या, बॉडीचा उतार आणि दांड्याची दिशा जुळवण्यासाठी, म्हणून उलटा बसला की वायपर काचेपासून उचलला जातो. काढण्यापूर्वी खूण.

डबी हातात आली की लेथवाल्याकडे न्या. भोक रीमर मारून गोल करायचं, गनमेटलचा बूश ठोकायचा, आणि बूशला दांड्याच्या मापात आतून फिनिश करायचं, दांडा बोटाच्या जोरानं फिरला पाहिजे पण हलता कामा नये. दांडा पण झिजला असेल तर तो आधी साफ मारून घ्या आणि मग त्या मापाचा बूश. आमच्या उद्यमनगरात हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, तुमच्या सांगली-मिरजेलाही लेथवाले कमी नाहीत. पण डबी ओतीव मिश्रधातूची आहे, व्हाइसमध्ये जोरात आवळली की चिरते, हे लेथवाल्याला आधी सांगा. एकानं माझी चिरली होती आणि वर मलाच म्हणाला की जुनी होती.

नवी डबी घ्यायची वेळ आलीच तर पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसची स्पेअरची गल्ली आणि कुर्ला इथे जुनं लुकासचं सामान कधी कधी निघतं, नाहीतर इंग्लंडहून मागवा, ट्रायम्फचे पार्ट तिकडे अजून बनतात. पण इथं एक खड्डा आहे. मिनी, एमजी, ट्रायम्फ, सगळ्यांच्या या डब्या बघायला जुळ्या भावासारख्या, पण चाकीच्या दात्यांची संख्या वेगवेगळी असते. दाते कमी-जास्त झाले की तेवढ्याच केबलच्या हालचालीत वायपर किती डिग्री फिरतो ते बदलतं. चुकीची डबी बसवली की एक वायपर काचेच्या रबरावर आपटतो नाहीतर दोन्ही पाती एकमेकांत अडकतात. जुन्या चाकीचे दाते मोजून ऑर्डर द्या, आणि शक्यतो जोडीच घ्या.

परत जोडताना आर्म शेवटी. आधी मोटर जोडून चालू करा, दोन-चार फेऱ्या होऊ द्या, मग स्विच बंद करा आणि तिला स्वतःहून थांबू द्या. जिथं थांबली ती पार्किंगची जागा, त्याच जागी आर्म खाली झोपवून दाबा. लोक आर्म आधी लावतात आणि मग टोपी फिरवत बसतात. जागा थोडी इकडं-तिकडं असेल तरच टोपीचे स्क्रू ढिले करून ती अगदी थोडी थोडी फिरवायची आणि दर वेळी बघायचं. आणि काच ओली करून चालवा, कोरड्या काचेवर टेस्ट घेऊ नका, कोरड्या काचेवर लोड भलताच येतो आणि आत्ता नीट लावलेल्या दात्यांना पहिलीच शिक्षा.

गॅरेजवाल्याचं समाधान होत नसेल तर त्याच्यासमोर मोटरची पण परीक्षा घ्या. हेराल्डची लुकास मोटर डीआर३ए प्रकारची असेल तर चालताना ती २.७ ते ३.४ अँपियर घेते आणि मिनिटाला ४५ ते ५० फेऱ्या करते. घड्याळ लावून मोजा. एवढं असेल तर मोटर निरोगी. अडकवून ठेवली तर मात्र १३-१५ अँपियर ओढते, साध्या मल्टीमीटरचा फ्यूज तिथेच जातो, म्हणून तो प्रयोग नको. मंद चालत असेल तर आधी अर्थ बघा. ही मोटर रबरावर बसवलेली असते त्यामुळे बॉडीतून अर्थ मिळत नाही, वेगळी वायर असते, आणि तिच्या टोकाला हिरवा गंज असतोच असतो. स्विच पण अर्थच्या बाजूला आहे, त्यामुळे तिथला गंज धरून दोन ठिकाणी मार बसतो. अजून एक, बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह अर्थला असतो. कुणी मध्येच बदलून निगेटिव्ह केला असेल तर लोक विचारतात वायपर उलटा फिरेल का, तर नाही. या मोटरीत चुंबक नाही, फिल्डची पण कॉईल आहे, दोन्ही एकदम उलटतात त्यामुळे दिशा तीच राहते. तुमची बॅटरी कशी जोडलीय ते मात्र वायर काढण्याआधी बघून ठेवा, बॅटरीच्या वायरीच्या रंगावर जाऊ नका.

मारुतीची मोटर बसवण्याबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, बसते. मी अशा बसवलेल्या बघितल्यात. पण त्यासाठी काऊलच्या, म्हणजे काचेखालच्या, पत्र्याला भोकं पडतात, त्यातून पाणी आत झिरपतं आणि दोन पावसाळ्यांत पायाखालचा पत्रा खातं. हेराल्डला चेसी वेगळी आहे पण म्हणून बॉडी सडलेली चालते असं नाही. आणि पार्ट मिळत नाहीत हे कारण पण खरं नाही, तुमच्या केसमध्ये तर पार्ट लागतच नाहीये, आहे तोच फिरवायचाय.

एक लहान गोष्ट, पाती. हल्ली लोक मोठी जाड पाती लावतात, आर्मची स्प्रिंग पण कडक घालतात की काच चकाचक पुसली पाहिजे. त्या चाकीवर तेवढा जोर पडतो. आपल्या आर्मची मूळ स्प्रिंग आणि मूळ लांबीचं पातं ठेवा, रबर मऊ असेल तर तेवढं पुरतं. काच तेलकट झाली तर पात्यावर जोर वाढवण्यापेक्षा काच धुवा. गगनबावड्याच्या घाटात जुलैमध्ये माझ्यासमोर असाच दाता सुटला होता, गिऱ्हाईकाची गाडी, समोर दिसायचं बंद, तेव्हा शेजारी बसलेल्या पोरानं तंबाखू काढून काचेला चोळली आणि आम्ही तशीच वीसच्या स्पीडनं खाली उतरलो. ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे, पाण्याचा थेंब फुटून पसरतो. चालतो, पण त्यावर भरवसा ठेवून आंबोलीला जाऊ नका.

आधी रेघेची टेस्ट करून मला कळवा, आणि केबल काढलीत तर चाकीचा फोटो टाका. बाहेरून दिसत नाही ती, पण मागच्या पाटीचे नट ढिले करून मोबाईल आत सरकवला की येतो फोटो. झालं की दांड्याभोवतीच्या रबराला ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब सोडा, ऑईल नको, ऑईलनं रबर फुगतं. ही त्या काळच्या इंग्लिश गाड्यांच्या पुस्तकातलीच सूचना आहे, आणि ग्लिसरीन मेडिकलमध्ये मिळतं, सगळ्यात छोटी बाटली घ्या.